वारा कुठला, पाणी कुठलं

परदेशात बस्तान हलवायचं ठरलं की माणूस तिथल्या हवेची चौकशी करतो, आणि ती बहुधा आकड्यांत करतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सियाबद्दल विचारलं तर उत्तर मोठं सुखाचं मिळतं. जानेवारीत दुपारचं तापमान 16-17 अंश, ऑगस्टमध्ये 30, वर्षाकाठी पाऊस 450 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईत जुलैच्या एखाद्या पंधरवड्यात पडतो तेवढाच. बर्फ जवळजवळ नाही, आकाश बहुतेक दिवस निळं. हे सगळे आकडे खरे आहेत. तरीही केवळ त्यांच्या भरवशावर तिथे राहायला गेलेल्या माणसाला त्या शहराची हवा कळलेली नसते, असं माझं ठाम मत आहे. हवा कळली असं म्हणायला दोन प्रश्नांची उत्तरं यावी लागतात: आज वारा कुठून येतो आहे, आणि पाणी आलंच तर ते कुठून येईल. सरासरीत ही उत्तरं सापडत नाहीत. ती तिथल्या खिडक्यांत, जेवणाच्या वेळांत, शेतीच्या पाटांत आणि नदीच्या एका रिकाम्या पात्रात साठवून ठेवलेली आहेत. तिथे जन्मलेल्यांना ती आयती मिळतात. बाहेरून आलेल्यांना मुद्दाम शिकावी लागतात, आणि ती शिकणं हा त्या गावात राहण्याचाच एक भाग आहे.

वाऱ्यापासून सुरुवात करू. उन्हाळ्यात व्हॅलेन्सियावर दुपारी समुद्राकडून वारा येतो. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना खारे वारे म्हणून शिकलो तेच हे, आणि ते वाहत असतात तोवर भर ऑगस्टातही पारा तिशीच्या फार पुढे सरकत नाही. घाम येतो, अंग चिकचिकतं, पण उन्हाची धार बोथट असते. एखाद्या दिवशी मात्र वारा फिरतो आणि पश्चिमेकडून, स्पेनच्या मधल्या पठारावरून खाली उतरू लागतो. या वाऱ्याला तिथे पोनियेंते म्हणतात. उंचावरून उतरताना हवा दाबली जाते आणि तापते, तिच्यातला ओलावा उरत नाही, आणि ती समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरते. तासाभरात पारा दहा अंशांनी चढू शकतो. 10 ऑगस्ट 2023 रोजी शहराच्या विमानतळावर 46.8 अंश तापमान नोंदलं गेलं, ते याच वाऱ्यामुळे. समुद्र तिथून काही किलोमीटरवर होता. वारा उलटा असल्याने त्याचा शहराला काडीचा उपयोग झाला नाही. हाच पोनियेंते जानेवारीत आला तर अंगावरचा स्वेटर काढायला लावणारी दुपार घेऊन येतो. आणि पूर्वेचा लेवांते, जो जुलैत जीव थंड करतो, तोच हिवाळ्यात दिवसच्या दिवस करडं आभाळ आणतो. 2020 च्या जानेवारीत ‘ग्लोरिया’ नावाच्या वादळात त्याने या किनाऱ्यावर 8 मीटरहून उंच लाटा उठवल्या होत्या. दक्षिणेकडून वारा आला तर सहारातली धूळ येते, आभाळ पिवळट होतं, आणि त्यात चार थेंब पडले तर गाड्यांवर मातीचे ठिपके उमटतात. एकाच महिन्याच्या सरासरीत हे सगळे वारे मिसळून टाकले की जो आकडा हाती येतो, तसा दिवस प्रत्यक्षात क्वचितच उगवतो.

तिथली घरं हे जाणतात. जुन्या वस्तीतल्या गल्लीत उन्हाळ्यातल्या दुपारी वर पाहिलं तर बाल्कन्यांवरून लाकडी पट्ट्यांचे पडदे बाहेर सोडलेले दिसतात. बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकाखाली एक, लोखंडी कड्यांनी जोडलेल्या, रंग बहुधा हिरवा किंवा तपकिरी, आणि सगळा पडदा एका दोरीने वर गुंडाळता येतो. दिवसा तो कठड्याच्या आत न ठेवता कठड्यावरून बाहेर टाकतात. त्यामुळे पडदा आणि दरवाजा यांच्यामध्ये सावलीची एक तिरकी पोकळी तयार होते, ऊन काचेपर्यंत पोचतच नाही, आणि खालच्या बाजूने हवा आत खेळत राहते. दोरी किती ओढायची हे त्या दिवशीचा वारा ठरवतो. समुद्राचा वारा असेल तर दारं उघडी आणि पडदा खाली. पोनियेंते असेल तर पडदाही खाली आणि दारंखिडक्याही गच्च बंद, कारण त्या दिवशी बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा तापलेली असते. नव्याने आलेला माणूस नेमकं उलटं करतो. उकडतंय म्हणून खिडक्या सताड उघडतो आणि भट्टी घरात घेतो. शेजारचं अख्खं घर भर दुपारी अंधार करून का बसलं आहे, हे त्याला कळत नाही. या अंधाराला आळसाशी जोडणारे प्रवासी शंभर-दोनशे वर्षांपासून लिहीत आले आहेत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, वाऱ्याकडे पाहिलं नाही.

घड्याळाचाही प्रश्न आहेच. व्हॅलेन्सिया ग्रिनिचच्या रेखावृत्ताला अगदी लागून आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तिथली वेळ लंडनची असायला हवी. 1940 साली स्पेनने आपली घड्याळं मध्य युरोपाच्या वेळेला लावली आणि ती पुन्हा मागे घेतली नाहीत. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते, त्यामुळे खरी मध्यान्ह दुपारी दोनच्या सुमारास होते. तिथले लोक दोन-अडीचला जेवतात तेव्हा ते सूर्याच्या बारा वाजताच जेवत असतात. दुकानं दोन ते पाच बंद राहतात ती दिवसाच्या सर्वांत तापलेल्या वेळी. जूनअखेरीस सूर्य साडेनऊला मावळतो, आणि त्यानंतर आजी-आजोबा, तान्ही मुलं, सगळे चौकात येऊन बसतात, कारण घराच्या भिंतींत दिवसभर मुरलेली उष्णता तेव्हा कुठे बाहेर पडू लागलेली असते. स्पेनमधली माणसं उशिरा जेवतात, उशिरा झोपतात, असं आपण जे सहज बोलून जातो त्यातलं बरंचसं सूर्य आणि घड्याळ यांच्यातल्या या दोन तासांच्या अंतराने उलगडतं. हल्ली कचेऱ्या, शाळा आणि मोठी दुकानं या वेळा पाळत नाहीत, वातानुकूलनामुळे त्यांना पाळाव्या लागत नाहीत; पण रस्त्यावर, बांधकामावर, शेतात काम करणाऱ्याला अजून पाळाव्या लागतात, आणि त्यांत परदेशातून आलेले मजूर पुष्कळ असतात.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, पण सांगायलाच हवं, कारण 16 अंशांचा आकडा सर्वांत जास्त फसवतो तो इथेच. बाहेर ऊन असतं आणि घरात हुडहुडी भरते. फरशा गार, भिंती पातळ, आणि इमारतीला उष्णतारोधक थर देण्याचा पहिला नियम स्पेनमध्ये 1979 साली आला, त्यामुळे त्याआधी बांधलेल्या असंख्य घरांत तो थर नाहीच. समुद्राच्या दमट हवेत 14-15 अंशांची खोली हाडांपर्यंत पोचते. यावर जुना उपाय म्हणजे गोल टेबल, त्याच्या खालच्या फळीत पूर्वी निखाऱ्यांची आणि आता विजेची शेगडी, आणि वरून जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड. सगळं घर तापवण्याऐवजी घरातली माणसं त्या कापडाखाली पाय घालून एकत्र बसतात. जर्मनीत किंवा पोलंडमध्ये राहून आलेली माणसंही व्हॅलेन्सियातल्या हिवाळ्याबद्दल तक्रार करतात ती यासाठी. थंडी बाहेर किती आहे यापेक्षा ती आत किती शिरते याला महत्त्व आहे, आणि ते कुठल्याही तक्त्यात छापलेलं नसतं.

यावर कोकणातला किंवा मुंबईतला वाचक म्हणेल की हे आम्हाला कशाला शिकवता. समुद्रकाठी आम्ही वाढलो, दमटपणा, खारे वारे, मतलई वारे सगळं जन्मापासून माहीत आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. उत्तर युरोपातून तिथे येणाऱ्यापेक्षा आपला माणूस घामाला लवकर सरावतो. पण समुद्राशी असलेली हीच ओळख त्याला एका बाबतीत चकवते. आपल्याकडे उन्हाळा आधी आणि पाऊस त्याच्या पाठोपाठ. मृग लागला की आभाळाकडे डोळे लागतात, पाऊस वाजतगाजत येतो आणि चार महिने मुक्कामाला राहतो. भूमध्य समुद्रावर उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. जुलैत व्हॅलेन्सियात जेमतेम काही मिलिमीटर पाऊस पडतो. त्या काळात समुद्र मात्र तापत असतो, ऑगस्टअखेर त्याचं पाणी 28 अंशांच्या आसपास पोचतं, आणि रात्रीसुद्धा तो शहराला निवू देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 20 अंशांच्या खाली न उतरणाऱ्या रात्री आता तिथे रोजच्याच झाल्या आहेत. खरा धोका त्यानंतर येतो, जेव्हा माणसं उकाडा संपला म्हणून निर्धास्त होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात वातावरणाच्या वरच्या थरात थंड हवेचा एखादा भाग ध्रुवीय प्रवाहापासून तुटतो आणि स्पेनच्या आसपास भोवऱ्यासारखा फिरत रेंगाळतो. खाली तापलेला, ओलाव्याने भरलेला समुद्र, वर ही थंड हवा, आणि मधे पूर्वेचा वारा. तो वारा सगळी वाफ किनाऱ्यामागच्या डोंगरांवर नेऊन आदळवतो. सह्याद्री पश्चिमेच्या वाऱ्याला जसा वर ढकलतो तसेच हे डोंगर पूर्वेच्या वाऱ्याला ढकलतात. फरक एवढाच की सह्याद्रीवर पावसाला चार महिन्यांची सवड असते आणि इथे सगळं काही तासांत उरकतं. जुने लोक याला गोता फ्रिया म्हणत, हवामान खातं डाना म्हणतं.

ज्या भूमीत उन्हाळाभर पाऊस नाही तिथे भात पिकतो, हे आपल्याला नवल वाटावं असं आहे. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं गोड्या पाण्याचं विस्तीर्ण सरोवर आहे आणि त्याच्या भोवती भातखाचरं. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरात कापणी. आपली आवणं पावसाने होतात. तिथलं भात भर उन्हाळ्यात, कोरड्या आकाशाखाली, पाटाच्या पाण्यावर वाढतं आणि पावसाळी वादळं यायच्या आत कापून व्हावं लागतं. उत्तरेकडचे भाजीमळे तुरिया नदीच्या पाण्यावर जगतात, आणि त्या पाण्याचं वाटप करणारं न्यायमंडळ दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी भरतं. आठ पाटांवरच्या शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेली माणसं काळे सदरे घालून तिथे गोलाकार बसतात, तक्रार तोंडी ऐकतात आणि निकाल तिथल्या तिथे देतात. त्या निकालावर अपील नाही. 2009 साली युनेस्कोने या प्रथेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिलं, म्हणून आता तिथे पर्यटकांची गर्दी होते, आणि बऱ्याचदा एकही तक्रार नसल्याने मंडळी दोन मिनिटांत उठून जातात. पण त्यामागचा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. कुठल्याही पाटाला ठरावीक इतकं पाणी मिळेल असं वचन नाही. नदीत जे असेल त्याचा ठरावीक वाटा मिळेल, एवढंच. नदी निम्मी झाली तर प्रत्येकाचं पाणी निम्मं. धुळे-नाशिक भागातली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे शहाणपण लगेच ओळखू येईल. सरासरीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी हा नियम केलेला नाही. नदी दर वर्षी वेगळी असते हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं त्यांनी तो केला. आणि हे पाट आता शहराखाली गाडले गेले असले तरी नावांनी शिल्लक आहेत. व्हॅलेन्सियाच्या फुटबॉल संघाचं मेस्ताया हे मैदान अशाच एका पाटाच्या नावाचं आहे.

त्या नदीचं पुढे काय झालं, ते या शहरातलं सर्वांत मोठं हवामानशास्त्र आहे. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तुरियाला पाठोपाठ दोन पूर आले आणि शहर बुडालं. किमान 81 माणसं गेली. सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली. 5,000 घनमीटर प्रतिसेकंद पाणी वाहून नेऊ शकेल असा नवा, रुंद, काँक्रीटच्या काठांचा मार्ग खोदला. जुनं पात्र कोरडं पडलं. तिथून मोटारींचा हमरस्ता काढायचा बेत होता, तो लोकांनी आंदोलन करून हाणून पाडला, आणि आज त्या पात्रात सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचे दगडी पूल अजून उभे आहेत. त्यांच्या कमानींखालून आता सायकली जातात, मुलं फुटबॉल खेळतात. युरोपातल्या अतिशय सुंदर सार्वजनिक बागांपैकी ही एक आहे, आणि तिच्यातून फिरताना ती इथे का आहे हे कुणी सांगितलं नाही तर कळायचं नाही. शहरातल्या काही भिंतींवर मात्र सिरॅमिकच्या फरशा बसवलेल्या आहेत, 1957 सालचं पाणी इथवर आलं होतं हे दाखवणाऱ्या. काही ठिकाणी ती खूण माणसाच्या डोक्याच्या बरीच वर आहे.

आणि मग 29 ऑक्टोबर 2024. त्या दिवशी व्हॅलेन्सियाच्या पश्चिमेला तुरीस इथे 24 तासांत 771.8 मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला 184.6 एका तासात. तासाभराच्या पावसाचा हा स्पेनमधला उच्चांक. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये 944 मिलिमीटर पडला होता हे आपल्या मनात कोरलेलं आहे. पण मुंबईला दर पावसाळ्यात दोन हजारांहून अधिक मिलिमीटर पचवायची सवय आहे, आणि तुरीसचा हा पाऊस तिथल्या संपूर्ण वर्षाच्या पावसाहून मोठा होता. व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते की ज्या पायपोर्ता गावात सर्वांत मोठा अनर्थ झाला तिथे त्या दिवशी पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पाऊस वर, चीवा आणि तुरीसच्या बाजूला पडत होता. ते पाणी पोयो नावाच्या एरवी कोरड्या ओढ्यातून खाली आलं, दर सेकंदाला दोन हजार घनमीटरहून जास्त, आणि मग पाणी मोजणारं यंत्रही पुरात गेलं. पायपोर्ता, कातारोखा, मासानासा, आल्फाफार या गावांतली माणसं कोरड्या आभाळाखाली कामावरून परतत होती, दुकानात होती, मुलांना शिकवणीहून आणत होती. आभाळाकडे पाहून त्यांना काहीच कळलं नसतं. पाणी कुठून येतं हे ज्यांना माहीत होतं त्यांनाच कळलं असतं. तुरियाचा नवा मार्ग त्या रात्री तुडुंब भरून वाहिला आणि त्याने जुन्या शहराला वाचवलं. त्याच्या दक्षिणेकडची गावं मात्र उघडी पडली.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. आता उपग्रह आहेत, रडार आहे, प्रत्येकाच्या खिशात हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे आहेत. वाऱ्यांची नावं आणि ओढ्यांच्या वाटा पाठ करत बसण्याची गरज कुणाला? यावर उत्तर द्यायला तो दिवसच पुरेसा आहे. स्पेनच्या हवामान खात्याने लाल इशारा सकाळी 7.36 ला दिला होता. शास्त्र चुकलं नाही. प्रादेशिक सरकारचा धोक्याचा संदेश लोकांच्या फोनवर रात्री 8.11 ला वाजला, तोवर अनेक गावांत पाणी घरांत शिरलेलं होतं. मधल्या बारा तासांत लाल रंगाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लावला. व्हॅलेन्सिया विद्यापीठाने आदल्या संध्याकाळीच वर्ग रद्द केले आणि हजारो विद्यार्थी त्या दिवशी रस्त्यावर आलेच नाहीत. इतर असंख्य ठिकाणी कामाचा दिवस नेहमीसारखा चालू राहिला. इशारा तोच होता. त्यापुढे काय करायचं हे आधीपासून ठाऊक असणं आणि नसणं, एवढाच फरक होता. रडार किती पाऊस पडेल हे सांगतं. तुमच्या दारापर्यंत कुठला ओढा येतो, तळमजला सोडून कुणाच्या घरी वर जायचं, तळघरातल्या गाडीचा मोह धरायचा की नाही, हे ते सांगत नाही.

याहून अवघड आक्षेप असा की मेलेल्यांत तिथेच जन्मलेली, तिथेच म्हातारी झालेली माणसं खूप होती. त्यांना तर सगळं ठाऊक असायला हवं होतं. मग स्थानिक स्मृतीचा एवढा गौरव कशासाठी? हा प्रश्न टाळता येत नाही. माझं उत्तर असं की स्मृती गावाची असते तशी जागेचीही असते, आणि इथे दोहोंची फारकत झाली होती. 1957 चा पूर व्हॅलेन्सिया शहराच्या मनात राहिला, कारण तो शहरात आला आणि शहराने नदी हलवली. 20 ऑक्टोबर 1982 ला तोउसचं धरण फुटलं ते हुकार नदीच्या खोऱ्यात, आणखी दक्षिणेला. ते त्या खोऱ्यातल्या गावांनी लक्षात ठेवलं. या दोन पुरांच्या मधला जो पट्टा, तिथे गेल्या साठ वर्षांत शेतांवर घरं उभी राहिली. आंदालुसिया आणि ला मांचामधून कामासाठी आलेली कुटुंबं तिथे स्थिरावली, नंतर परदेशातून आलेले लोक. त्यांच्या आजी-आजोबांची स्मृती दुसऱ्याच कुठल्या नदीची होती. ओढा वर्षानुवर्षं कोरडा, त्यात वेत वाढलेले, काठाला वाहनतळ. पूरप्रवण भागांचे सरकारी नकाशे 2003 पासून उपलब्ध होते, पण नकाशा कपाटात असतो आणि घर ओढ्याकाठी. तळमजल्यावरचे वृद्ध आणि गाडी बाहेर काढायला तळघरात उतरलेली माणसं मोठ्या संख्येने गेली. त्यांचा दोष काढण्याचा अधिकार कुणालाच नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की केवळ दीर्घकाळ राहिल्याने हे ज्ञान अंगात मुरत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगण्याची साखळी एकदा तुटली की त्याच गावात जन्मलेला माणूसही हवामानाच्या बाबतीत परकाच असतो.

कुणी असंही म्हणेल की हवामानच बदलत चाललं आहे, समुद्र पूर्वीपेक्षा तापलेला आहे, उन्हाळे लांबले आहेत, तेव्हा जुन्या अनुभवाचा उपयोग काय? पाण्याचं प्रमाण बदलेल हे खरं, आणि वाढत्या उष्णतेने असा पाऊस अधिक जोरदार होतो हेही शास्त्रज्ञ सांगत आहेत. जुना माणूस म्हणाला की इतकं पाणी कधीच येत नाही, तर त्याच्यावर आता विसंबता येणार नाही. पण डोंगर जिथे आहेत तिथेच राहणार, उतार तोच राहणार, आणि पूर्वेच्या वाऱ्याने आलेला पाऊस त्याच ओढ्यांतून त्याच आल्बुफेरा सरोवराकडे जाणार. किती, हा प्रश्न शास्त्राला विचारावा; कुठून, हे गावाला विचारावं. तापणाऱ्या जगात दुसऱ्या प्रश्नाचं मोल कमी न होता वाढत जाणार आहे. पडद्याच्या दोरीचंही तसंच. पोनियेंतेचे दिवस जितके तापतील तितकं दारं केव्हा लावायची हे माहीत असणं जीव वाचवणारं ठरेल, विशेषतः ज्या घरात वातानुकूलनाचं बिल परवडत नाही त्या घरात.

शिकायला गेलेली, नोकरीसाठी गेलेली आपली माणसंही या शहरात राहतात. मधल्या भागातली भाडी परवडत नाहीत म्हणून नवी येणारी माणसं दक्षिणेकडच्या त्याच गावांत घर शोधतात, कारण तिथून मेट्रोने किंवा लोकलने शहरात येता येतं. 2024 नंतर लाल इशारा आला की शाळा, विद्यापीठं, कचेऱ्या बंद ठेवल्या जातात, आणि एखाद्या वेळी पाऊस हुलकावणी देऊन गेला की उगाच दिवस बुडाला अशी कुरकुर सुरू होते. ती कुरकुर मला मान्य नाही. बुडालेला दिवस भरून काढता येतो. मला काळजी आहे ती दहा वर्षांनंतरची, जेव्हा त्या गावांतल्या निम्म्या घरांत 2024 च्या रात्री तिथे नसलेली माणसं राहत असतील आणि ओढा पुन्हा वर्षानुवर्षं कोरडा असेल. घर भाड्याने घेताना ऊन किती खोल्यांत येतं हे आपण विचारतो. 2024 ला पाणी कुठवर आलं होतं हेही घरमालकाला त्याच वेळी विचारावं, आणि त्याने टाळाटाळ केली तर शेजाऱ्यांना विचारावं. तिथल्या इमारतींनाही आपल्यासारख्या सोसायट्या असतात, त्यांच्या सभा होतात आणि भाडेकरूंचं म्हणणं त्यात घरमालकामार्फत मांडता येतं. लाल इशारा असताना तळघरातल्या वाहनतळात कुणीही उतरायचं नाही, आणि तळमजल्यावरच्या वृद्धांना वर कुणाच्या घरी न्यायचं हे आधीच ठरवून ठेवायचं, अशा दोन ठरावांना पैसे लागत नाहीत. ऑक्टोबर उजाडण्याआधी ते व्हायला हवेत.